जातीची उतरंड कशावर उभी आहे?

जातीव्यवस्था म्हणजे मूठभर वर आणि बाकी सगळे खाली, असे आपण अनेकदा भाषणात बोलून जातो. तेवढेच असते तर खालचे सगळे केव्हाच एक झाले असते.

बाबासाहेबांनी या रचनेला 'श्रेणीबद्ध असमानता' म्हटले. ही मडक्यांची उतरंड आहे. मधल्या प्रत्येक मडक्यावर भार आहे, पण त्याच्या खालीही कोणीतरी आहे. त्यामुळे वरच्याचा राग येतो, तरी खालच्याशी बरोबरी नकोशी वाटते. थोडा का होईना मान गमवावा लागेल, ही भीती शोषितांनाच एकमेकांपासून तोडते. जातीची खरी ताकद इथे आहे.

ही उतरंड टिकते कशी? ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला. जातीतच लग्न करण्याचे बंधन हे जातीचे मूळ लक्षण आहे, असे त्यांनी त्यात मांडले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा हे बंधन राखण्यासाठीच होत्या. म्हणजे स्त्रीची गुलामी आणि जात वेगळ्या काढता येत नाहीत. पुढे १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने सभाच रद्द केल्यावर, त्यांनी आपले न झालेले भाषण स्वतः छापले. आंतरजातीय विवाह हा खरा उपाय. पण त्याच्या आड येते ती शास्त्रांवरची श्रद्धा, म्हणून आधी ती सोडा, असे त्यांचे सांगणे होते. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, त्यामागेही हाच विचार होता.

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण सोयरीक कोणाशी करायची, हे कायदा ठरवत नाही. ते आपल्या घरात ठरते.

म्हणून प्रश्न आपल्यालाही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण बौद्ध झालो. तरीही लग्नाच्या बायोडाटात पोटजात का विचारली जाते? मातंग, चर्मकार किंवा भटक्या समाजातून धम्मात आलेल्या घरी मुलगी देताना आपण का अडखळतो? सर्व माणसे समान आहेत, ही प्रतिज्ञा आपणच घेतली आहे.

वरच्याला जाब विचारायचाच. पण आपल्या पायाखाली कोण आहे, हेही एकदा वाकून पाहू. उतरंड तिथूनही ढासळते.

जय भीम! नमो बुद्धाय!