एअरबॅग : सीट बेल्टची सोबती, पर्याय नव्हे

वाहन कर्जासाठी येणारे ग्राहक आता मोटारीच्या मायलेजबरोबरच एअरबॅगची संख्याही आवर्जून सांगतात. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाल्यानंतर ही सजगता वाढली, हे स्वागतार्ह होय. मात्र ‘एअरबॅग आहे, मग सीट बेल्ट कशाला?’ हा समज घातक आहे.

मोटारीचा वेग किती एकाएकी घटतो, हे तिच्यातील सेन्सर सतत मोजत असतात. जोराने ब्रेक दाबल्यावरही वेग घटतो. परंतु भक्कम अडथळ्यावर आदळल्यास तो कितीतरी पट झपाट्याने घटतो. हा फरक ओळखून नियंत्रक यंत्रणा विद्युत संदेश देते, रासायनिक ज्वलनातून वायू निर्माण होतो आणि घडी घातलेली नायलॉनची पिशवी फुगते. ही सारी क्रिया पापणी लवण्याच्या आत पूर्ण होते. त्यानंतर छिद्रांवाटे वायू बाहेर पडून पिशवी सैल होते व शरीराचा आघात झेलते.

समोरील एअरबॅग प्रत्येक अपघातात उघडत नाही. ताशी सुमारे २० ते २५ किलोमीटर वेगाने भिंतीवर समोरून आदळल्याइतका आघात त्यासाठी साधारणतः लागतो. मागून धडक बसल्यास किंवा मोटार नुसती उलटल्यास ती बहुधा उघडत नाही. भिलाईहून राजनांदगावमार्गे नागपूरला जाणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. रात्री उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळल्यास मोटारीचा बॉनेट ट्रकखाली शिरतो. अशा वेळी एअरबॅग उशिरा उघडण्याची किंवा न उघडण्याची शक्यता असते.

एअरबॅगला तांत्रिक भाषेत ‘पूरक’ सुरक्षा यंत्रणा म्हणतात, ते उगीच नव्हे. बेल्ट नसलेले शरीर पुढे फेकले जाऊन पिशवी फुगत असतानाच तिच्यावर आदळते आणि आधाराऐवजी इजा होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मोटार आधुनिक सुरक्षा साधनांनी युक्त होती. परंतु मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढील दोघे गंभीर जखमी झाले, तरी बचावले. मागील आसनावरही बेल्ट लावणे कायद्याने आवश्यक आहे. उल्लंघनास १,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

मुलांना पुढे बसवू नये, मांडीवर तर मुळीच नाही. प्रौढांना वाचविणारा पिशवीचा जोर कोवळ्या मानेला सोसवत नाही. चालकाने छाती व स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर राखावे. मोटार सुरू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षणांत विझला नाही, तर तपासणी करून घ्यावी.

आता थोडे हिशेबाचे. एकदा उघडलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही. सर्वसाधारण मोटार विम्यात नव्या एअरबॅगच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. म्हणून विमा घेताना शून्य घसारा संरक्षणाचा विचार अवश्य करावा. बेल्ट लावण्यास मात्र ना हप्ता लागतो, ना व्याज. प्रवासाला निघताना मागच्या आसनावरील आजी-आजोबांपासून सर्वांचे बेल्ट लागले आहेत, हे पाहूनच गाडी सुरू करावी.