*पंपाच्या ॲल्युमिनियमला पांढरी पूड का धरते?*



पेणचा खारेपाट असो की रोह्याकडचा खाडीकाठ, पाणी उपसायला बरेच जण हलका पेट्रोल-केरोसीन पंप वापरतात. त्याची बॉडी बहुतेक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. तिला लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण बॉडीवर पांढरी पूड आणि बारीक खड्डे दिसले तर तो ॲल्युमिनियमचा गंजच समजा. सीलच्या जागी असा खड्डा पडला की पंप हवा ओढतो आणि ऐन गरजेला पाणी उचलत नाही.

*हे होतं कसं?*
हवेमुळे ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर आपोआप तयार होतो. तोच त्याचं चिलखत. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं. त्यात भर जिवाणूंची. पंपात पाणी-गाळ साचून राहिला की आतून बुळबुळीत थर धरतो. त्याखाली ऑक्सिजन पोचत नाही, काही जिवाणू आम्ल सोडतात, मग एकाच जागी खड्डा खोल होत जातो.

खाडीच्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो ना? तोही जिवाणूंचाच उद्योग. ते सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू बनवतात. त्यांच्यामुळेही ॲल्युमिनियमला खड्डे पडतात.

*सगळेच जिवाणू वाईट का?*
नाही. बुरशीसाठी आपण वापरतो त्या बॅसिलस सबटिलिसच्या थराने ॲल्युमिनियमचे खड्डे कमी झाल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण म्हणून त्याचं द्रावण पंपात भरून ठेवू नका. शेतावरच्या गाळात कोणते जिवाणू वाढतील ते आपल्या हातात नसतं.

*काय करायचं?*
१) खारं पाणी उपसून झालं की त्याच दिवशी पाच-दहा मिनिटं गोड्या पाण्यावर पंप चालवा.
२) खालचा बोल्ट काढून सगळं पाणी उतरवा. पंप सुकल्यावरच ठेवा.
३) बुळबुळीत थर नायलॉनच्या ब्रशने काढा. तारेचा ब्रश, कॉस्टिक, धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडर वापरू नका.
४) मोरचूद किंवा बोर्डो मिश्रण ॲल्युमिनियमच्या भांड्यात कालवू नका. तांबं लागलं की खड्डे लवकर पडतात.

आज पंप उघडून बघा. पांढरी पूड दिसली तर फोटो ग्रुपवर टाका, काय करायचं ते सांगतो.