आगीच्या आधीचं लंडन

लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या एका चित्रावर लॅटिनमध्ये छोटा मजकूर आहे. त्याचा आशय असा: हे चर्च रोज कोसळण्याची वाट पाहतंय, त्याच्यावर एके काळी जीव जडलेला बोहेमियाचा होलार त्याची आठवण अशी राखून ठेवतो आहे. साल १६५८. आठच वर्षांनी, सप्टेंबर १६६६च्या आगीत ते चर्च गेलं.

वेन्सेस्लाउस होलार १६०७ साली प्रागमध्ये जन्मला. १६३६ला कोलोनमध्ये अरुंडेलच्या अर्लने त्याला हेरलं आणि इंग्लंडला आणलं. यादवी पेटल्यावर तो अँटवर्पला गेला, १६५२ला परतला. त्या युद्धात चर्चच्या इमारती, थडगी, शिलालेख डोळ्यांदेखत उद्ध्वस्त होत होते. विल्यम डग्डेल हा विद्वान जे उरलंय ते टिपून ठेवायच्या मागे लागला होता. सेंट पॉलवरच्या त्याच्या ग्रंथासाठी होलारने चित्रं केली.

काम अम्लरेखनाचं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, धुरावर धरून तो काळा करायचा, मग सुईने रेषा ओढायच्या. सुई जिथे मेण खरवडते तिथेच आम्ल तांबं खातं. फिकट रेषा लवकर झाकून टाकायच्या, गडद हव्यात त्या आम्लात जास्त वेळ ठेवायच्या. शिवाय छाप उलटी उमटते, म्हणून अक्षरं, डावं-उजवं, सगळं पत्र्यावर उलटं. एका डोळ्यात दोष असूनही होलार खांबामागे खांब, खिडकीमागे खिडकी मोजल्यासारखी काढत गेला. त्याने केलेल्या चित्रांची संख्या सुमारे २,७०० भरते.

मला तो मोठा वाटतो तो या संयमामुळे. पुढच्या शतकात पिरानेसी या अम्लरेखनकाराने आपल्या चित्रांत रोमचे अवशेष छाती दडपेल एवढे भव्य केले. होलार इमारतीचं मोठेपण वाढवायला जात नाही. म्हणूनच इमारत गेल्यावर त्याच्या रेषेवर विसंबता येतं. चूक त्याच्याही चित्रात आहे. १६४७च्या लंडनच्या लांबलचक देखाव्यात ग्लोब नाट्यगृह आणि अस्वलांच्या झुंजीचा आखाडा यांच्या नावांची अदलाबदल झाली आहे. इमारती मात्र जागच्या जागी आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस ग्लोब पुन्हा उभारताना अभ्यासकांनी होलारचंच रेखाटन समोर ठेवलं.

होलारची मजुरी तासावर. त्याच्याविषयी सांगतात की समोर वाळूचं घड्याळ असायचं, आणि कुणी बोलायला आलं की तो ते आडवं करून ठेवायचा. न केलेल्या कामाचे पैसे नकोत. आगीनंतर त्याने शहराची दोन चित्रं वर-खाली मांडली: आधीचं आणि नंतरचं. वरच्यात मनोरे, घरांची दाटी. खालच्यात तोच नदीकाठ, मागे नुसत्या भिंती.

१६७७ साली लंडनमध्येच तो वारला, तेव्हा घरात दारिद्र्य होतं. जप्तीला आलेल्यांना त्याने एवढंच विनवलं म्हणतात, की मला माझ्या पलंगावर मरू द्या.