शिस्टोसोमियासिस, मूत्रमार्गीय
मूत्राशयाभोवतालच्या नीलांत राहणाऱ्या शिस्टोसोमा हीमॅटोबियम या परजीवी कृमीमुळे होणारा रोग. टेओडोर बिल्हार्ट्‌स या जर्मन वैद्यांनी हा कृमी १८५१ मध्ये कैरो येथे शोधून काढला. त्यांच्या नावावरून रोगास ‘बिल्हार्झिया’ असेही म्हणतात. रोगाचे मुख्य क्षेत्र आफ्रिका व पश्चिम आशियाचा काही भाग हे आहे.

जीवनचक्र : रोग्याच्या मूत्रातून बाहेर पडलेली अंडी गोड्या पाण्यात फुटून त्यांतून डिंभ निघतात. ते विशिष्ट जातीच्या गोगलगायीत शिरून वाढतात व काही आठवड्यांनी शेपटीयुक्त डिंभांच्या रूपाने पाण्यात उतरतात. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या अखंड त्वचेतूनही हे डिंभ आत शिरतात. त्यासाठी पाणी प्यावे लागत नाही. त्यामुळे ओढ्यात डुंबणारी शाळकरी मुले, पाटाच्या पाण्यात उभे राहून काम करणारे शेतकरी व धुणे धुणाऱ्या स्त्रिया यांना रोगाचा धोका अधिक असतो.

लक्षणे व निदान : अपाय प्रौढ कृमींपेक्षा मूत्राशयाच्या भित्तीत अडकलेल्या अंड्यांमुळे होतो. लघवीच्या शेवटी रक्त पडणे हे प्रमुख लक्षण होय. रक्तक्षयामुळे मुलांची वाढ व अभ्यास खुंटतो. रोग दीर्घकाळ राहिल्यास मूत्रवाहिन्या अरुंद होऊन वृक्कांस इजा पोहोचते. मूत्राशयाचा कर्करोगही संभवतो. मूत्रातील अंडी सूक्ष्मदर्शकाने पाहून निदान करतात. अंड्याच्या एका टोकास काटा असतो. सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत अंडी अधिक संख्येने बाहेर पडत असल्याने नमुना त्या वेळी घेतात.

महाराष्ट्रातील आढळ : आफ्रिकेत या कृमीस आश्रय देणाऱ्या बुलिनस वंशातील गोगलगायींच्या अभावी हा रोग भारतात मूळ धरणार नाही, अशी समजूत होती. तथापि रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी रोगाचे स्थानिक केंद्र असल्याचे आर्. के. गाडगीळ व एस्. एन्. शाह यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. पुढील संशोधनात तेथील आश्रयी म्हणून फेरिसिया टेन्यूइस ही टोपीसारख्या कवचाची लहानशी गोगलगाय निदर्शनास आली. एका ठिकाणची गोगलगाय नाही म्हणून दुसरे ठिकाण सुरक्षित समजता येत नाही, हा या शोधाचा बोध होय. मराठवाड्यासारख्या कालवे व तलाव असलेल्या प्रदेशातही लघवीतून रक्त जाणाऱ्या रोग्याच्या पूर्वीच्या वास्तव्याची चौकशी त्यामुळे महत्त्वाची ठरते. मात्र मुतखडा, जंतुसंसर्ग इ. कारणे अधिक नेहमीची असल्याने ती प्रथम तपासावी लागतात.

उपचार व प्रतिबंध : प्राझिक्वांटेल हे औषध शरीराच्या दर किग्रॅ. वजनास ४० मिग्रॅ. या प्रमाणात तोंडाने देतात. औषधाने कृमी मरतात, परंतु त्याच पाण्यात पुन्हा उतरल्यास रोग पुन्हा जडतो. म्हणून शौचालयांचा वापर, पाण्यात लघवी न करणे, नळाच्या पाण्याची सोय व गोगलगायींचे नियंत्रण हे उपाय औषधाच्या जोडीने करावे लागतात.