हे खांब उचलले कोणी?

सूर्य नुकताच मावळला आहे, चंद्र वर येतो आहे. समोर एकच दगडी स्तंभ उभा. त्याला वेलींनी वेढले आहे, माथ्यावर पक्ष्याचे घरटे. मागे पडके अवशेष आणि शांत पाणी. माणूस एकही नाही.

'उजाड' या नावाचे हे चित्र थॉमस कोलने १८३६ साली पूर्ण केले. न्यूयॉर्कच्या ल्यूमन रीड या व्यापाऱ्यासाठी केलेल्या 'साम्राज्याची वाटचाल' या मालिकेतील हे पाचवे आणि शेवटचे चित्र. रानटी अवस्था, शेती-पशुपालनाचे सुखी युग, वैभव, विध्वंस आणि उजाड, असा तिचा क्रम. जागा एकच, माथ्यावर शिळा असलेला डोंगर पाचही चित्रांत आहे. माणसाचा गर्व ढासळतो, निसर्ग उरतो, हा रोमँटिक कलेचा लाडका विचार.

मी वर्गात या चित्राची छापील प्रत दाखविली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे खांब उचलले कोणी?" मी निरुत्तर झालो. मला पडझडीचे सौंदर्य पाहायला शिकविले होते. हा प्रश्न शिकविला नव्हता.

उत्तर मालिकेतच आहे. 'वैभव' या चित्रात विजेता हत्तीने ओढलेल्या रथातून येतो आणि सभोवती बंदिवान पायी चालतात. शेवटी स्तंभ उरला. बंदिवानांची खूणही उरली नाही. हळहळायचे ते दगडांसाठी!

कोल साम्राज्याचा भाट नव्हता. इंग्लंडच्या लँकशरमध्ये १८०१ साली जन्मलेल्या या माणसाने तरुणपणी कापडछपाईचे ठसे कोरले होते. साम्राज्याच्या मदाला त्याने इशाराच दिला. पण तो ही चित्रे रंगवीत होता तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काळे गुलाम कापूस वेचीत होते. मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हलविण्याचा कायदा १८३० सालीच झाला होता. १८३८ मध्ये चेरोकी लोकांना बंदुकीच्या धाकाने हुसकावले गेले आणि हजारो वाटेत मेले. कोलच्या पहिल्या चित्रात मात्र कातडी पांघरलेले शिकारी आणि त्यांचे तंबू ही मानवाची 'आरंभीची पायरी' आहे. जिवंत समाजाला भूतकाळात ढकलले की त्याचे उच्छेदन हा इतिहासाचा नियम वाटू लागतो. आपल्याला हा युक्तिवाद अनोळखी नाही.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. इतक्या दुरून त्यांना त्या देशातली माणसे दिसली.

म्हणून हे चित्र नाकारू नये. ते वर्गाच्या भिंतीवर लावावे आणि खाली त्या विद्यार्थ्याचा प्रश्न लिहावा.