शार्दूल ठाकूर: लिलावातील किंमत आणि कामगिरी

शार्दूल नरेंद्र ठाकूर (जन्म: १६ ऑक्टोबर १९९१, पालघर) हा मुंबई व भारताकडून खेळणारा उजव्या हाताचा मध्यमगती गोलंदाज आणि तळाच्या क्रमांकावर उपयुक्त फलंदाजी करणारा क्रिकेटपटू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बंगळूर येथे झालेल्या इंडियन प्रीमियर लीगच्या (आयपीएल) लिलावात दिल्ली कॅपिटल्सने त्याला १०.७५ कोटी रुपयांना घेतले. ही रक्कम त्याने खेळातून फेडली का, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या नावाशी जोडला गेला आहे.

पार्श्वभूमी

ठाकूर कुटुंब पालघर तालुक्यातील माहीम या गावचे. शार्दूल शाळकरी वयात बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळत असताना बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेस पडला. रोहित शर्मा हाही लाड यांचाच विद्यार्थी. पालघरहून रोज बोरिवलीला येणे कठीण असल्याने लाड यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. त्या शाळेकडून हॅरिस ढाल स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले होते.

पालघर हे चर्चगेटपासून रेल्वेने सुमारे ९० किलोमीटरवर आहे. पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू या पट्ट्याला मुंबईची उपनगरी लोकल मिळाली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्यापूर्वी मैदान गाठायचे तर पहाटेची शटल किंवा लांब पल्ल्याची गाडी हाच आधार होता. क्रिकेटचे सामान खांद्यावर घेऊन त्या गर्दीत शिरणे म्हणजे काय, हे या मार्गावरच्या प्रवाशाला सांगावे लागत नाही. पुढे तो ‘पालघर एक्सप्रेस’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

किंमत वाढण्याची कारणे

रणजी करंडकाच्या २०१४-१५ च्या हंगामात ४८ बळी आणि पुढील वर्षी पुण्यातील अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध आठ बळी, यांमुळे त्याचे नाव झाले. ऑक्टोबर २०१८ मधील पहिली कसोटी मात्र दुखापतीमुळे दहा चेंडूंतच संपली. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन येथे भारताची अवस्था ६ बाद १८६ असताना त्याने वॉशिंग्टन सुंदरसह १२३ धावांची भागीदारी केली. स्वतः ६७ धावा काढल्या आणि त्या कसोटीत सात गडी बाद केले. त्याच वर्षी ओव्हलवर ५७ व ६० धावा, आणि जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्ग येथे एका डावात ६१ धावांत सात बळी. हा डाव संपून सहा आठवडे होत नाहीत तोच लिलाव झाला.

आयपीएलमध्येही २०२१ चा हंगाम त्याचा होता. चेन्नई सुपर किंग्सकडून त्याने २१ गडी बाद केले. अंतिम सामन्यात कोलकात्याची सलामीची भागीदारी त्यानेच फोडली. त्या वेळी त्याचे मानधन अवघे २.६० कोटी होते.

तथापि केवळ कामगिरीमुळे भाव वाढतो असे नाही. अंतिम अकरांत चारच परदेशी खेळाडू घेता येतात, त्यामुळे गोलंदाजीबरोबर फलंदाजी करू शकणारा भारतीय वेगवान गोलंदाज दुर्मिळ ठरतो. लिलावात दुर्मिळतेला बोली लागते. संघाच्या ९० कोटींच्या एकूण मर्यादेतील जवळपास बारा टक्के रक्कम दिल्लीने या एका खेळाडूवर खर्च केली.

मोल आणि माप

सन २०२२ मध्ये १४ सामन्यांत त्याने १५ बळी घेतले, पण षटकामागे जवळपास दहा धावा दिल्या. फलंदाजीत १२० धावा केल्या. पंजाब किंग्सविरुद्ध ३६ धावांत चार बळी घेऊन त्याने दिल्लीचे आव्हान जिवंत ठेवले, तरी संघ पाचवा राहिला. नोव्हेंबरमध्ये दिल्लीने त्याला कोलकाता नाइट रायडर्सकडे सोपवले. तेथे २०२३ मध्ये ११ सामन्यांत सातच बळी मिळाले. बंगळूर संघाविरुद्ध ईडन गार्डन्सवर कोलकाता ५ बाद ८९ असताना त्याने २९ चेंडूंत काढलेल्या ६८ धावा हा त्या हंगामातील एकमेव मोठा ऐवज होय.

बळीमागे पडलेला खर्च काढला तर २०२१ मध्ये तो सुमारे १२ लाख, २०२२ मध्ये ७२ लाख आणि २०२३ मध्ये दीड कोटींहून अधिक भरतो. हे गणित अर्थातच ढोबळ आहे. अमेरिकी फुटबॉलमध्ये लाईनमन आपल्या क्वार्टरबॅकला वाचवतो, पण गुण त्याच्या नावावर लागत नाहीत. त्याचे मोल ठरवणे तेथेही वादाचेच असते. क्रिकेटमध्ये आकडे मुबलक आहेत, मात्र नेमक्या वेळी फुटलेली जोडी आणि निकाल ठरल्यावर मिळालेला बळी यांची नोंद सारखीच होते. शार्दूलचा खेळ पहिल्या प्रकारचा असल्याने नुसत्या सरासरीने त्याच्यावर थोडा अन्याय होतो. ही सूट देऊनही दिल्लीचा हंगाम मध्यम आणि कोलकात्याचा अपुरा ठरतो. भाव एका असामान्य वर्षावरून ठरला होता, आणि तसे वर्ष पुन्हा आले नाही.

घसरण आणि पुनरागमन

कोलकात्याने मुक्त केल्यावर चेन्नईने त्याला चार कोटींना घेतले. २०२४ मध्ये नऊ सामन्यांत पाच बळी मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये मात्र रणजी उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध नवव्या क्रमांकावर येऊन त्याने १०९ धावा केल्या, ते त्याचे पहिले प्रथम श्रेणी शतक. रणजीतील मानधन आयपीएलच्या तुलनेत किरकोळ असते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात दोन कोटी पायाभूत किंमत असूनही त्याच्यावर कोणीही बोली लावली नाही. मोहसीन खान दुखापतग्रस्त झाल्याने मार्च २०२५ मध्ये लखनौ सुपर जायंट्सने त्याला त्याच दोन कोटींत घेतले. दुसऱ्याच सामन्यात हैदराबादविरुद्ध ३४ धावांत चार बळी घेत त्याने आयपीएलमधील बळींचे शतक गाठले. पुढे धावा बऱ्याच सुटल्या. पण दहा सामन्यांत १३ बळी, म्हणजे बळीमागे सुमारे १५ लाख. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन कोटींच्याच मानधनावर तो मुंबई इंडियन्सकडे आला.