लुई सोन्यो आणि इंदूरचा माणिकबाग राजवाडा

काशीच्या बालाजी घाटावर उभे राहिले म्हणजे पेशवाईतील आश्रयदात्यांची आठवण होते. तेथून थोड्याच अंतरावरील विश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकात अहल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारले. असे दगडी काम जागचे हलत नाही. त्याच होळकर घराण्याने विसाव्या शतकात ज्या कलेला आश्रय दिला, तिचे भाग्य मात्र निराळे होते.

ती कला गृहसजावटीची. तिच्या फ्रेंच प्रवर्तकांपैकी एक लुई सोन्यो. पॅरिसमध्ये 1892 साली जन्मलेल्या या कलावंताने ‘प्रँतां’ या मोठ्या दुकानाच्या कार्यशाळेत उमेदवारीची वर्षे घालविली. पुढे शार्लोत आलिक्स या सहकारिणीबरोबर त्याने स्वतंत्र काम आरंभिले. 1929 साली आधुनिक कलावंतांचा जो संघ पॅरिसमध्ये स्थापन झाला, त्याच्या आद्य सभासदांत ही दोघे होती. आसन हे बसणाऱ्याच्या देहासाठी असते, वैभवाच्या प्रदर्शनासाठी नव्हे, ही या मंडळींची भूमिका होय. म्हणून कोरीव लाकूड टाकून त्यांनी धातूची नळी, काच व साधी रेषा यांचा स्वीकार केला.

याच सुमारास इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ऑक्सफर्ड येथील शिक्षणकाळात स्नेह जडलेल्या एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडे ‘माणिकबाग’ राजवाड्याचे काम सोपविले. 1930 ते 1933 या काळात ते पार पडले. शयनगृहांसाठी काच व धातू यांचे पलंग सोन्यो आणि आलिक्स यांनी घडविले. अभ्यासिकेतील मेज रूलमान यांचे, तर एक आरामखुर्ची आयलीन ग्रे यांची. भिंत, दिवा, गालिचा आणि पलंग या सर्वांचा मेळ एकाच कल्पनेतून साधला होता.

हा मेळ टिकला नाही. 1948 साली संस्थान विलीन झाले, 1961 मध्ये यशवंतराव निवर्तले आणि 1980 साली मोनाको येथील लिलावात येथील सामान देशोदेशी पांगले. वास्तूत पुढे सरकारी करखात्याची कचेरी आली. 2019 मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात यातील अनेक वस्तू काही काळ पुन्हा एकत्र पाहावयास मिळाल्या.

सोन्योने महायुद्धानंतर वेताकडे वळून नवी आसने घडविली. त्याची कीर्ती उणावली नाही. हानी झाली ती आपली. मंदिराचा दगड आपण वारसा मानतो, पण खोलीतील खुर्ची ही केवळ मालमत्ता समजतो. खोलीपासून दुरावलेला पलंग सुंदर राहतो खरा. परंतु तो जेथे, ज्या उजेडात आणि ज्यांच्यासाठी घडला, ते सांगणारी खोली मुकी होते.